वैरणीची परतफेड

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील शहागंज हा भाग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, अठराव्या शतकातील मशिदीसाठी आणि दिवसभर न ओसरणाऱ्या बाजारासाठी ओळखला जातो. वैरणीची एक पेंढीही तेथे पिकत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हापासून या शहराने घोडे, बैल, म्हशी आणि शेळ्या पोसल्या त्या बाहेरून गाड्या भरभरून आलेल्या चाऱ्यावर. आजही जुन्या भागात आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत दुभती जनावरे आहेत, छावणीत जनावरांचा आठवडी बाजार भरतो, आणि ज्वारीचा कडबा, मका व हिरवे गवत आसपासच्या तालुक्यांतून शहरात येत राहते. वैरण येण्याची ही वाट सर्वांना दिसते. वैरणीबरोबर त्या तालुक्यांच्या जमिनीतून काय काय निघून येते आणि त्यातले किती परत जाते, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो, आणि नैसर्गिक खतांवर वैरण पिकवण्याचा सगळा प्रश्न त्या हिशेबातच दडलेला आहे.

पीक जमिनीतून जी द्रव्ये मोठ्या प्रमाणात उचलते त्यांत तीन मुख्य मानली जातात: पानांची व प्रथिनांची वाढ करणारे नत्र, मुळे व ऊर्जेच्या व्यवहाराशी निगडित असलेले स्फुरद आणि पेशींतील पाण्याचा तोल सांभाळणारे पालाश. धान्याच्या पिकात दाणा शेताबाहेर जातो, पण ताटे, पाने आणि मुळे यांचा बराच भाग शेतात किंवा निदान गावात राहतो. वैरणीच्या पिकात जमिनीवरचे सगळेच कापून नेले जाते, त्यामुळे वैरण ही जमिनीची द्रव्ये उचलून नेणाऱ्या पिकांत फार वरच्या क्रमांकावर येते. ज्वारीच्या एक टन कडब्यात ढोबळमानाने पाच किलो नत्र, दोन ते अडीच किलो स्फुरद आणि बारा ते पंधरा किलो पालाश असते. कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो. त्या भावात या द्रव्यांची किंमत कोणी धरत नाही.

याच्या शेजारी दुधाचा हिशेब ठेवून पाहण्यासारखा आहे. एक हजार लिटर दुधात साधारण पाच किलो नत्र असते, म्हणजे एक टन कडब्यात असते तेवढेच. पालाश तर दुधातून दोन किलोच्या आसपासच जाते. जनावर जे खाते त्यातील नत्राचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आणि पालाशाचा बहुतेक सगळा भाग शेण व मूत्र यांच्या वाटेने पुन्हा बाहेर पडतो. म्हणून जो शेतकरी कडबा विकतो तो जमिनीचा कस विकतो, आणि जो तोच कडबा स्वतःच्या दावणीला घालून दूध विकतो तो कसाचा मोठा भाग आपल्याच आवारात ठेवतो. मात्र आवारात राहिलेला कस शेतात पोहोचलाच असे नव्हे, आणि मराठवाड्यातील बहुसंख्य गोठ्यांत तो पोहोचत नाही.

ते कसे, हे पाच मोठ्या जनावरांच्या एका गोठ्यावरून पाहता येते. प्रत्येक जनावर दिवसाला सरासरी बारा किलो शेण टाकते असे धरले तर वर्षाचे बावीस टन ताजे शेण होते, आणि त्यात सत्तर ते पंच्याऐंशी किलो नत्र असते. त्याच पाच जनावरांचे मूत्र दररोज तीस लिटर धरले तर वर्षाला अकरा हजार लिटर होते, आणि मूत्रात नत्राचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असल्यामुळे त्यात सुमारे शंभर किलो नत्र भरते. म्हणजे गोठ्यातील नत्राचा मोठा वाटा शेणात नसून मूत्रात आहे. पालाशाचीही तीच गत आहे. स्फुरद तेवढे मुख्यतः शेणातून येते. असे असताना गावोगावच्या गोठ्यांत शेण दोन हातांनी गोळा केले जाते आणि मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरू दिले जाते किंवा बाहेरच्या गटारीला लागते.

आता दुसरी बाजू. संकरित नेपियर, म्हणजे बाजरी आणि हत्तीगवत यांच्या संकरातून तयार झालेले बहुवार्षिक गवत, हे आज बागायती वैरणीचे सर्वांत जास्त उत्पादन देणारे पीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि जयवंत हे वाण महाराष्ट्रात परिचित आहेत. त्याची ठोंबे एकदा लावली की काही वर्षे कापण्या मिळत राहतात. चांगल्या व्यवस्थापनात एका एकरातून वर्षाला साठ टन हिरवा चारा निघतो असे धरले, त्यात पाचवा हिस्सा कोरडा भाग मोजला आणि त्या कोरड्या भागात आठ टक्के प्रथिने गृहीत धरली, तर हे एक एकर गवत वर्षाला दीडशे किलोंहून अधिक नत्र उचलते. वर हिशेब केलेल्या गोठ्यातील शेण आणि मूत्र मिळून एकशे सत्तर ते एकशे पंच्याऐंशी किलो नत्र होते. पाच जनावरे आणि एक एकर नेपियर यांचे गणित असे जवळजवळ बरोबर बसते, फक्त अट एवढीच की वाटेत काही गळता कामा नये. उघड्या उकिरड्यात ती अट पहिल्याच महिन्यात मोडते.

उकिरडा म्हणजे घराशेजारी किंवा पांदीच्या कडेला असलेला शेणकचऱ्याचा ढीग. त्यावर वैशाखाचे ऊन पडते तेव्हा नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते, आणि आषाढातील पावसात उरलेले विरघळून ओघळाबरोबर वाहते. उन्हापावसात वर्षभर पडलेल्या ढिगातील निम्म्याच्या घरात नत्र शेतात पोहोचण्यापूर्वीच नाहीसे होते. त्यात शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात हा आणखी एक फाटा. गोवरी जळताना नत्र धुराबरोबर जाते आणि राखेत स्फुरद व पालाश उरतात, आणि ती राख भांडी घासण्यात संपते. गोवरीवर टीका करणे सोपे आहे, परंतु जळणाची दुसरी सोय नसलेल्या घराला ती टीका लागू होत नाही. म्हणूनच गोबरगॅस संयंत्राचे महत्त्व वैरणीच्या दृष्टीनेही मोठे ठरते. दोन घनमीटरच्या संयंत्राला दररोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे पाच जनावरांचे जवळजवळ सगळे. हवाबंद टाकीत जीवाणू शेणातील कार्बनी पदार्थांपासून मिथेन तयार करतात. जळतो तो कार्बन, नत्र मात्र बाहेर पडणाऱ्या पातळ स्लरीत टिकून राहते. ही स्लरी पाण्याच्या पाटातून सोडता आली तर नेपियरसारख्या गवताला तिच्याइतके सोयीचे खत नाही. ती खड्ड्यात उन्हात वाळवून मग शेतात नेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात टाकीने राखलेले नत्र पुन्हा हवेला दिले जाते.

साध्या शेणखतात सरासरी अर्धा टक्का नत्र, पाव टक्क्याच्या आत स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असते, आणि त्यातील नत्रापैकी जेमतेम एक तृतीयांश पहिल्या वर्षी पिकाला मिळते. बाकीचे पुढच्या वर्षांत हळूहळू सुटते. वारंवार कापल्या जाणाऱ्या गवताला हेक्टरी वीस ते पंचवीस टन शेणखताची शिफारस केली जाते ती यामुळेच. शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीखतात नत्राचे प्रमाण याहून कितीतरी जास्त असते. कापणीनंतर मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवण्याची प्रथा या ज्ञानावरच उभी आहे. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी आणि मूत्र दोन्ही वाहतुकीच्या खर्चाशिवाय थेट जमिनीत पडतात, आणि त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. मूत्र वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे मूत्र कसे वाचवावे, याचे उत्तर इंदूरच्या संशोधनातून मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत शेतकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली, आणि तिचे विवेचन करणारा १९३१ मधील ग्रंथ हॉवर्ड व यशवंत वाड या दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. पुढे सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव मोठे झाले आणि वाड यांचे मागे पडले, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. या पद्धतीत ताटे, पाला व गवत यांचे थर, शेण, राख आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती एकत्र रचली जाते, ढीग ओला ठेवून ठरावीक काळाने उलथला जातो, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यातील मूत्रमातीची कल्पना सर्वांत मोलाची आहे. गोठ्याची जमीन फरशीची न करता कोरड्या मातीच्या थराची ठेवावी, तिने मूत्र शोषून घ्यावे, आणि काही महिन्यांनी तो थर खणून खताच्या ढिगात घालून नवी माती पसरावी, एवढाच तिचा गाभा आहे. मराठवाड्यातील काळी माती सूक्ष्म चिकणकणांची असल्यामुळे अमोनियाला धरून ठेवण्याची तिची क्षमता मोठी आहे, म्हणजे या कामासाठी लागणारे साहित्य येथे शेताच्या बांधावरच उपलब्ध आहे. ज्यांच्या गोठ्यात फरशी झालेली आहे त्यांना तीच गोष्ट उताराची नाली आणि टोकाला झाकलेले टाके करून साधता येते. अशा टाक्यातील मूत्र पाण्यात दहा पट पातळ करून गवताला दिले तर पाने होरपळत नाहीत.

शेण कमी आणि काडीकचरा जास्त, अशी जेथे स्थिती आहे तेथे महाराष्ट्रातच घडलेली दुसरी पद्धत उपयोगी पडते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हटली जाणारी पद्धत म्हणजे जाळीदार भिंतींचे, साधारण दहाबारा फूट लांब, पाचसहा फूट रुंद आणि तीन फूट उंच विटांचे टाके. भिंतीतील भोकांतून हवा खेळत राहते, त्यामुळे ढीग उलथण्याची मजुरी वाचते. चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा, त्याच्या जवळपास तेवढीच चाळलेली माती आणि अवघे शंभर किलोच्या आसपास शेण एवढ्यावर टाके भरते, वरून शेणमातीने लिंपले जाते, आणि तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. ओलावा टिकवण्याकडे दुर्लक्ष झाले तर मात्र टाक्यात जशीच्या तशी वाळलेली धसकटे सापडतात, आणि अवर्षणाच्या वर्षी हे वारंवार घडते. कचरा कुजण्यासाठी त्यातील कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एकच्या जवळ असावे लागते. कडब्यात किंवा गव्हाच्या काडात ते ऐंशीस एकपर्यंत असते. म्हणूनच अशा काडात शेण, मूत्रमाती किंवा गिरिपुष्पासारखा नत्रयुक्त पाला मिसळावाच लागतो. फुलावर येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवतही या कामी चालते. फुलावर आलेले चालत नाही, कारण त्याचे बी खताबरोबर कुरणात पसरते.

वैरणीच्या जमिनीसाठी खत पूर्ण कुजलेले असणे धान्याच्या जमिनीपेक्षाही अधिक आवश्यक असते, आणि त्याची कारणे वेगळी आहेत. कच्च्या शेणात हुमणीची अळी व वाळवी वाढते हे सर्वज्ञात आहे. त्याहून महत्त्वाचे असे की ताज्या शेणात जंतांची अंडी आणि तणांचे बी जिवंत असते; ढीग पंचावन्न ते साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही दिवस तसाच राहिला तर ती नष्ट होतात. जनावर आपल्या जातीच्या ताज्या शेणाजवळचे गवत टाळते हेही प्रत्येक गुराख्याला माहीत असते, आणि पानांना चिकटलेले शेण कापलेल्या गवतात राहिले तर ती वैरण वाळवतानाच नासू लागते. म्हणून कुरणात खत पसरण्याची योग्य वेळ कापणी झाल्याबरोबरची किंवा पहिल्या पावसाआधीची असते. कापणीला तीन-चार आठवडे उरले असताना खत टाकणे नुकसानीचेच ठरते.

कापून वाळवायच्या गवताच्या कुरणाला खते दिल्याने काय होते, याचा जगातला सर्वांत जुना आणि अखंड चाललेला प्रयोग इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे आहे. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे खत द्यायला सुरुवात केली, आणि ते तुकडे आजही दरवर्षी कापले व मोजले जातात. खत न दिलेल्या तुकड्यात उत्पादन कमी राहिले, पण तेथे तीस-चाळीस जातींच्या वनस्पती टिकल्या; अमोनियम सल्फेट सतत दिलेल्या आणि चुना न घातलेल्या तुकड्यांत जमीन आंबट होत गेली आणि दोन-तीनच जाती उरल्या. काही तुकड्यांना चार वर्षांतून एकदा शेणखत मिळते. या प्रयोगाचे दाखले देताना एक भान ठेवले पाहिजे. मराठवाड्याची जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्यामुळे ती तशी आंबट होणार नाही. येथील अडचण अशी की स्फुरद चुन्याशी बांधले जाते, जस्त आणि लोह पिकाला मिळेनासे होते, आणि सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी राहते. शेणखताचे काम येथे नत्र पुरवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ही बांधलेली द्रव्ये मोकळी करण्याचे आहे. खनिज स्फुरदाची भुकटी थेट अशा जमिनीत टाकली तर ती विरघळत नाही. तीच शेणकचऱ्याच्या ढिगात मिसळून कुजवली तर उपयोगी पडते.

मराठवाड्याच्या माळरानांवर मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी आणि कुसळी ही गवते स्वाभाविकपणे येतात. कुसळीला पिकल्यावर टोकदार कुसे येतात, ती जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, म्हणून ती वेळेत कापावी लागते. खरे तर सर्वच गवते फुलोऱ्यात कापावीत असा नियम आहे, कारण त्या वेळी पानांत असलेली प्रथिने पुढे बियाकडे जातात आणि पिकून वाळलेल्या गवतात त्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. पण मराठवाड्यात गवत फुलोऱ्यात येते ते भाद्रपद-आश्विनात, पाऊस पुरता न ओसरलेला असताना, आणि कापलेल्या गवतातील सत्तर-ऐंशी टक्के पाणी पंधरा टक्क्यांवर आणल्याशिवाय गंजी रचता येत नाही. ओल्या गवताची गंजी आतून तापते, काळी पडते, प्रसंगी पेटतेही. त्यामुळे शेतकरी दिवाळीनंतर कापतो आणि जनावराला पोट भरणारे पण पोषण न करणारे गवत मिळते. खतांनी सुधारलेल्या कुरणाचा फायदा या एका उशिरामुळे बुडतो. पावसात सापडण्याची भीती असेल तेव्हा गवताचा किंवा मक्याचा मुरघास करणे, म्हणजे कुट्टी करून हवाबंद खड्ड्यात किंवा पिशवीत आंबवणे, हा व्यवहार्य पर्याय आहे; आफ्रिकन टॉल हा मक्याचा वाण त्यासाठी राज्यात बराच वापरला जातो.

जनावरांच्या गोठ्यातून येणाऱ्या खताला पूरक असा नत्राचा दुसरा झरा म्हणजे शेंगावर्गीय वैरण. लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो आणि दशरथ घास यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात. चांगली रुजलेली लसूणघास वर्षाला हेक्टरी शंभर ते दोनशे किलो किंवा त्याहूनही अधिक नत्र हवेतून मिळवू शकते, म्हणून तिला नत्राच्या खताची गरज सुरुवातीपुरतीच असते. स्फुरदाची आणि पालाशाची मात्र तिला मोठी भूक असते. लसूणघासेला पाणीही भरपूर लागते, आणि विहिरी माघातच तळ गाठणाऱ्या गावांना तिची शिफारस करणे हा कागदावरचा सल्ला होय. अशा ठिकाणी मुरमाड जमिनीत पावसाच्या पाण्यावर येणारा स्टायलो आणि मारवेल यांचे मिश्र कुरण अधिक शहाणपणाचे ठरते. बांधावर गिरिपुष्प किंवा शेवरी लावली तर चारा, पाला आणि काही प्रमाणात जळणही मिळते, म्हणजे गोवरीचा भार थोडा हलका होतो.

अलीकडे जीवामृताचा प्रसार मोठ्या प्रमाणात झाला आहे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेल्या या मिश्रणात दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती आंबवून ते एकराला दिले जाते. जमिनीतील जीवाणूंना चालना देण्यासाठी त्याचा उपयोग होत असेल, परंतु दहा किलो शेण आणि दहा लिटर मूत्र मिळून दीडशे ग्रॅमच्याही आत नत्र येते, आणि वर पाहिल्याप्रमाणे एक एकर नेपियर वर्षाला दीडशे किलो नत्र उचलते. दर पंधरवड्याला जीवामृत दिले तरी ही दरी भरून निघत नाही. उरलेले नत्र जमिनीच्या साठ्यातून जाते आणि साठा संपला की उत्पादन घसरते. कोरडवाहू कडधान्याला जे चालते ते वर्षातून सहा-सात वेळा कापल्या जाणाऱ्या गवताला चालेलच असे नाही. गांडूळखताबाबतही थोडी सावधगिरी हवी: त्यात नत्राचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असते आणि ते उत्तमच असते, पण गांडुळांना सावली आणि बाराही महिने ओलावा लागतो, आणि चैत्र-वैशाखात पिण्याचे पाणी टँकरने आणणाऱ्या गावात गांडुळांचे वाफे जगवणे कठीण असते.

नत्र कमी पडल्याने जसे नुकसान होते तसे जास्त झाल्यानेही होते. कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य असते. असा हिरवा चारा खाऊन जनावरे दगावतात, त्याला मराठवाड्यात किराळ लागणे म्हणतात. कोंबडीखत किंवा ताजे मूत्र अतिरेकाने दिलेल्या जमिनीत हा धोका वाढतो, शिवाय चाऱ्यात नायट्रेट साठते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालू नये या जुन्या सांगण्याला खताच्या या बाजूनेही आधार मिळतो.

आता पुन्हा शहराच्या वाटेकडे वळता येईल. शेताबाहेर गेलेला कडबा शहरातील दावणीला संपतो आणि त्याचे शेण-मूत्र दाट वस्तीत अडचणीचे होते. जागा नसल्यामुळे ते नाल्याला जाते किंवा कचऱ्यात मिसळते. मुंबईने हा प्रश्न १९४९ मध्ये आरे वसाहत उभारून एका परीने सोडवला. शहरातील म्हशी एका ठिकाणी नेल्या गेल्या आणि ओलसर, खतमिश्रित पाण्यात जोमाने वाढणारे पॅरा गवत तेथेच लावले गेले. छत्रपती संभाजीनगराने उलट अनुभव घेतला. शहराचा न निवडलेला कचरा वर्षानुवर्षे नारेगावला टाकला जात होता आणि २०१८ च्या फेब्रुवारीत परिसरातील गावकऱ्यांनी तो डेपो बंद पाडला, त्यानंतर शहरात कित्येक आठवडे कचऱ्याचे ढीग साचले. गावांनी नाकारला तो सेंद्रिय माल नव्हता, तर त्यात मिसळलेले प्लास्टिक, काच आणि दुर्गंध होता. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. भाजीबाजारातील पाला आणि गोठ्यांतील शेण हा शहरातील सर्वांत स्वच्छ व निवडायला सोपा सेंद्रिय माल आहे. तो घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळा उचलला तर त्याचे खत वैरणीच्या शेताला देण्याजोगे होते. मिश्र कचऱ्याच्या खताबाबत मात्र पशुपालकाने हात आखडताच ठेवावा, कारण त्यातील प्लास्टिकचे तुकडे आणि तारा कापणीबरोबर गव्हाणीत आणि तेथून जनावराच्या पोटात जातात. शस्त्रक्रियेने गायीच्या पोटातून किलोच्या किलो प्लास्टिक काढल्याच्या बातम्या नव्या नाहीत.

शहरातून खत परत नेण्यात खरी अडचण वाहतुकीच्या खर्चाची आहे, कारण खतात द्रव्ये थोडी आणि पाणी व माती जास्त असते. कडबा घेऊन शहरात आलेले वाहन परतताना बहुधा रिकामे जाते. त्याच वाहनातून कुजलेले, अर्धे वाळलेले खत नेण्याचा सौदा कडब्याच्या भावातच ठरवला तर हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. गोठेवाल्याला शेणाची अडचण संपवायची असते आणि शेतकऱ्याला खत हवे असते, त्यामुळे यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची संशोधन व विस्तार केंद्रे पैठण रस्त्यावर शहराच्या उंबरठ्याशीच आहेत. अशा खताचे पृथक्करण करून त्यातील नत्र, स्फुरद, पालाश आणि जड धातू यांचे प्रमाण सांगण्याचे काम त्यांच्या आवाक्यातले आहे. पण शहराच्या व्यवस्थेची वाट पाहत बसण्यापूर्वी ज्याच्या दावणीला दोन-चार जनावरे आहेत अशा प्रत्येकाने येत्या मृगाच्या आत आपल्या गोठ्याचा उतार, मूत्राची नाली आणि टाके पाहून घ्यावे, उकिरड्याला सावली व आडोसा करावा, आणि फरशी नसलेल्या गोठ्यात वीतभर जाडीचा कोरड्या काळ्या मातीचा थर टाकून घ्यावा.